रायाजी पाटलाचा बांध

फार जुन्या काळची गोष्ट. एका नदीकाठच्या गावाची रीत अशी, की पावसाळ्यात नदी ज्या मळईत पसरते तिथे कुणी नांगर घालायचा नाही. चार महिने तिथे पाणी आणि पाणपक्षी नांदत. पाणी ओसरून शेवटचा करकोचा उडाला, की मग गाळावर हरभरा पेरायचा.

गावचा पाटील रायाजी मात्र दोन घटका स्वस्थ बसेल तर शपथ! एवढी काळीभोर जमीन चार महिने पक्ष्यांनी वापरायची, हे त्याला बघवेना. त्याने नदीच्या अंगाला उंच बांध घातला आणि आत भात लावलं.

ठकू भोईण म्हातारी झाली होती. तिचा सारा जन्म होडीत गेलेला. ती म्हणाली, "पाटील, नदीला पसरायची सवय हाय. आता तिनं जायचं कुठं?"

"जाईल की समुद्राला," रायाजी हसला.

भादव्यात भात पोटरीला आलं, नदी फुगली, आणि पक्षीही आले. खाली पाणी दिसेना, तसे ते गावावरच घिरट्या घालू लागले. या झाडावर बसत, लगेच त्या झाडावर जात. रायाजीला घास गोड लागेना. दिवसातून दहादा तो बांधावर जाई, भेगा बुजवी, घरी येई आणि पाणी न पिताच पुन्हा निघे. बांध तर धड होता. मग जीव का थाऱ्यावर नाही, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

पाचव्या दिवशी बायको ओरडत आली, "अवं, घरात पाणी शिरलं!"

"खुळी का काय? बांध धड हाय!"

"बांधाकडनं न्हाई, खालच्या आळीतनं आलंय!"

मळई बंद झाली म्हणून नदीने गावाची वाट धरली होती. चुली विझल्या होत्या, पेवांतलं धान्य भिजत होतं. ठकू होडीतून लेकरं माळावर पोचवत होती.

रायाजीने एकदा डोलणाऱ्या भाताकडे पाहिलं. त्याला रडूच कोसळलं. रडत रडतच त्याने कुदळ उचलली आणि स्वतःचा बांध फोडला. पाणी मळईत घुसलं, बघता बघता भात बुडालं, आणि गावातलं पाणी उतरू लागलं.

संध्याकाळी बुडालेल्या भातात करकोचे गोगलगाई वेचत होते. रायाजीने त्यांना हाकललं नाही. तो घरातला चिखल उपसत होता.

लहानथोरांनो, एवढंच ध्यानात ठेवा: नदीची जागा बळकावली, तर ती आपल्या घरात जागा मागते.