तेरावी रिंग

ही फार जुनी गोष्ट नव्हे. एक वृद्ध कारागीर बेअरिंगच्या पोलादी रिंगा घासून देत असे. याच रिंगांच्या आत गोळ्या फिरतात आणि चाक सुरळीत चालते. बारा रिंगांचे काम आले की तो तेरा घेई आणि तेरावीही तशीच घासून स्वतःच्या पेटीत ठेवून देई. त्याच्या भिडस्त शिष्याला ही म्हाताऱ्याची लहर वाटे. पण विचारण्याचे धाडस कधी झाले नाही.

एकदा जत्रेतल्या आकाशपाळण्याचे काम आले. शेवटच्या दिवशी शिष्याने घाईघाईत एक रिंग ग्राइंडरच्या दगडावर दाबली. पोलाद थंड ठेवणारी पाण्याची धार सोडायचीच राहिली होती. क्षणात पोलादावर नखाएवढा निळा डाग उमटला. शिष्याने डाग घासून काढला, रिंग चकचकीत केली आणि बाकीच्या अकरांत ठेवून दिली. थोड्या वेळाने ती त्यालाही ओळखू येईना.

दुपारी पाळण्याचा मालक आला. "वा अण्णा! यात बघून भांग पाडावा! उद्यापासून निम्मं गाव पोराबाळांसकट बसणार बघा आमच्या पाळण्यात."

शिष्य रिंगा बांधत होता. त्याचे हात थांबले.

"अण्णा, यातली एक माझ्याकडून जळलीय. मी डाग घासून टाकला. आता कुठली ते मलाच कळेना."

"डाग गेला ना? मग झालं की!" मालक म्हणाला. "तुम्ही गुरुशिष्य मला जत्रा संपल्यावर सोडणार वाटतं!"

वृद्धाने घमेल्यात पातळ केलेले तेजाब ओतले आणि त्या आरशासारख्या रिंगा एकामागून एक त्यात बुडवू लागला. रिंगा राखाडी पडत चालल्या.

"अहो, सगळी मेहनत मातीत घालताय!" मालक ओरडला.

नवव्या रिंगेवर एक काळा डाग हळूहळू वर आला.

"हीच! हीच ती!" शिष्य घमेल्यावर वाकून म्हणाला.

वृद्धाने रिंग त्याच्या हातात दिली. "निळा रंग वरचा होता, तो तू काढलास. पण तापून आतलं पोलाद नरम पडलं, ते घासून कसं निघेल? तेजाबात तेच काळं पडून दिसतं. गोळ्या याच जागेवरून लाखो वेळा जातील, दर वेळी भार टाकतील. आज काही होणार नाही, उद्याही नाही. मग एक दिवस आत बारीक तडा जाईल, वरची खपली उडेल. त्या वेळी पाळणा माणसांनी भरलेला असेल."

शिष्याने मान खाली घातली. "आता बारावी कुठून आणायची?"

वृद्धाने पेटी उघडून तेरावी रिंग काढली. "ही कशाला ठेवतो वाटलं तुला? अरे, पाणी सोडायला मीही विसरतो. बाकीच्यांची चकाकी आण परत संध्याकाळपर्यंत. तुझ्या हाताला येतंय ते."

मालकाने पायरीवर बैठक मारली. "थांबतो मी. पण चहा पाजा!"

शिष्य प्रथमच मोकळेपणाने हसला. ग्राइंडरपाशी जाऊन त्याने आधी पाण्याची धार सोडली, तिच्याखाली बोट धरून पाहिले, आणि मगच दगड सुरू केला.

आपल्या माणसांना चूक बोलून दाखवता यावी, म्हणून आपल्याही पेटीत एक तेरावी रिंग असावी.