डोळे तेवढे राहिलेत

गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि त्यांना ही गोष्ट निघालेली आवडत नाही. पण गाव होतं, गावात चर्च होतं, आणि चर्चच्या मागच्या आळीत एस्तेर नावाची एक बाई राहायची. नाताळची मसाल्याची बिस्किटं करावीत तर तिनेच, असं सगळं गाव म्हणायचं. आणि हे कुणी म्हटलं की एस्तेरलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोला.

ओव्हन-बिव्हन तिच्याकडे काही नव्हतं. पितळेचं मोठं पातेलं, तळाला बोटभर वाळू, वर झाकण, झाकणावर निखारे. गूळ तुपात वितळवायचा, सुंठ, लवंग, दालचिनी, जायफळ कुटून घालायचं, त्यात कणीक मळायची, लाटायची आणि पत्र्याच्या साच्याने माणसं कापायची. साचा तिच्या आईचा होता. बिस्किटं भाजून निवली की अंड्यातलं पांढरं आणि पिठीसाखर फेटून, मेंदीसारखा कागदाचा कोन करून, एस्तेर त्या माणसांना कपडे चढवायला बसायची. बिटाचा लाल, हळदीचा पिवळा, पालकाचा हिरवा. लुगड्याच्या काठाचे ठिपके मोजून घ्यावेत, एक कमी नाही की एक जास्त नाही.

त्या गावाची एक रीत होती. घरात जितकी माणसं तितकी बिस्किटाची माणसं करायची, आणि नाताळच्या आदल्या दिवशी ते ताट चर्चच्या ओसरीवर आणून मांडायचं. सगळ्यांनी एकमेकांची ताटं बघायची, मग वाटून खायचं. त्या वर्षी घरातलं कुणी वारलं असेल, तर त्याचंही बिस्किट करायचं. फक्त त्याला डोळे काढायचे नाहीत. डोळे नसलेलं बिस्किट दिसलं की बाया आवाज खाली आणायच्या आणि त्या घरच्या बाईच्या पाठीवरून हात फिरवायच्या.

एस्तेरची धाकटी बहीण तबीथा त्याच गावात दिली होती. नवरा शांतवन, गरीब स्वभावाचा माणूस. लग्नाला सात वर्षं झाली तेव्हा कुठे त्यांना मुलगा झाला. योहान. भाद्रपदात त्याला ताप आला आणि अकरा महिन्यांचं ते लेकरू गेलं. एस्तेर तेव्हा पंधरा दिवस बहिणीच्या घरी राहिली, तिला न्हाऊ घातलं, घास भरवले. ती वाईट बाई होती असं कुणी समजू नका. तिची जीभ तेवढी लगाम नसलेली होती.

नाताळ आला. तबीथा त्या वर्षी साचा मागायला आली नाही. तिने घरीच सुरीने तीन माणसं कापली. ओसरीवर ताटं मांडली गेली तेव्हा बाया एस्तेरच्या ताटाभोवती गोळा झाल्या होत्या. कुणी म्हणे, काय गं हे काठ! कुणी म्हणे, हे खायचं की पेटीत जपून ठेवायचं? एस्तेरच्या डोक्यात ते चांगलंच चढलं. तेवढ्यात तिची नजर बहिणीच्या ताटाकडे गेली. दोन माणसं बरी होती. तिसरं एवढंसं, एक हात लांब, एक आखूड, मान कलंडलेली.

"अगं तबू, हे माणूस केलंस की बेडूक?" एस्तेर सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "आणि याचे डोळे कुठे विसरलीस?"

चारदोन जणी फिस्सकन हसल्या. मग एकीच्या लक्षात आलं, मग दुसरीच्या.

"डोळे विसरले नाही, आक्का," तबीथा म्हणाली. "तो योहान आहे."

तिने ताटावर पदर झाकला आणि ती घरी निघून गेली.

आता सांगा, एस्तेरने काय करायला हवं होतं? ताट-बिट टाकून तिच्यामागे धावायला हवं होतं. रस्त्यातच मिठी मारून रडायला हवं होतं. तिला ते कळत नव्हतं असं नाही. पण चाळीस बाया बघत होत्या. एस्तेरचे पाय जागचे हलले नाहीत. ती खाली बसली आणि आपल्या ताटातली बिस्किटं उगाचच सरळ करत राहिली.

त्या गावात भांडण मिटवायचीही एक रीत होती. मिटवणीचं बिस्किट म्हणायचे त्याला. ज्याचं चुकलं त्याने ज्याला दुखावलं त्याच्या नावाचं एक माणूस करायचं. साखर लावायची नाही, डोळे नाहीत, कपडे नाहीत, काही नाही. पातेल्यातून काढलेलं गरम गरम हातात घ्यायचं आणि तसंच दुसऱ्याच्या दारी जायचं. हात पोळला तर पोळू द्यायचा. दुसऱ्याने ते मोडून अर्धं परत द्यायचं, दोघांनी दारातच खायचं. झालं. पुढे त्या गोष्टीचं नावही कुणी काढत नसे.

एस्तेरने ठरवलं, मिटवणीचं बिस्किट न्यायचं. पण ओकंबोकं? तिने? सगळ्या गावाला बिस्किटं नटवून देणारी एस्तेर, ती बहिणीच्या दारी कोरडं बिस्किट घेऊन उभी राहणार? लोक काय म्हणतील? तबूला तरी काय वाटेल, माझ्यासाठी आक्काने एवढेही कष्ट घेतले नाहीत? मी असं बिस्किट नेईन, ती म्हणाली, की बघून तबू सगळं विसरेल.

तर बसली ती करायला. तबीथाचं लग्नातलं हिरवं लुगडं तिला आठवत होतं. तसं लुगडं काढलं, अंबाड्यावर मोगरा काढला, हातात बारीक बांगड्या काढल्या. डोळ्यांशी आली आणि अडली. पहिल्यांदा काढले ते रागावलेले वाटले. पुसून पुन्हा काढले तर रडके झाले. तिसऱ्यांदा काढले तेव्हा तबीथा ओसरीवर जशी बघत होती, अगदी तशीच बघायला लागली. एस्तेरने ते बिस्किट उचललं आणि चुलीत टाकलं.

मग आज करू, उद्या करू सुरू झालं. ईस्टरआधीचा उपासकाळ लागला, तेव्हा म्हणाली, आत्ता गोडधोड बरं नाही. उन्हाळ्यात म्हणाली, साखर घट्ट धरत नाही. पावसाळ्यात म्हणाली, हवा दमट आहे, बिस्किट मऊ पडतं, रंग पाझरतो. सगळी कारणं खरी होती. म्हणून तर ती इतकी पुरली.

रविवारी दोघी बहिणी चर्चमध्ये दिसायच्या. एस्तेर पुढच्या रांगेत, तबीथा मागे खांबाजवळ. बाहेर पडताना तबीथा पायरीवर जरा रेंगाळायची. एस्तेर मनात म्हणायची, थांब गं बाई, थोडी थांब, असं आणते की बघशील. आणि मान खाली घालून बाजूने निघून जायची. तबीथाला काय कळणार हिच्या मनातलं? तिला पाठ दिसायची, तेवढीच.

योहान गेल्यापासून तबीथाचं अन्न तुटलंच होतं. पावसाळ्यात खोकला लागला तो सुटेना. दिवाळीच्या सुमाराला ती चर्चमध्ये यायची बंद झाली. तिच्या शेजारी मरियाकाकू राहायच्या, सत्तरी उलटलेल्या, काठी टेकत फिरणाऱ्या. त्या एकदा एस्तेरला बाजारात गाठून म्हणाल्या, "तुझी बहीण वाळून चाललीय. जाऊन ये."

"जायचंच आहे काकू," एस्तेर म्हणाली. "नाताळला मिटवणीचं घेऊन जाते. असं करतेय, की गावाने बघितलं नसेल."

"गावाला काय करायचंय?" मरियाकाकू म्हणाल्या. पण एस्तेर तोवर पुढे गेली होती.

नाताळच्या आदल्या दिवशीची सकाळ. एस्तेरच्या घरात लवंग-दालचिनीचा वास भरून राहिला होता. पातेल्यात घरच्या माणसांची बिस्किटं भाजत होती, आणि समोर पाटावर, मलमलीच्या फडक्यावर, ते बिस्किट होतं. या वेळी खरंच साधलं होतं. हिरव्या लुगड्याला घडी पडल्यासारखी दिसत होती. मोगऱ्याची फुलं मोजता येत होती. डोळे तेवढे बाकी होते. ते काढायला एस्तेरचा हात धजत नव्हता.

दारात काठी वाजली. मरियाकाकू धापा टाकत आल्या होत्या.

"एस्तेर, ऊठ. तबीथा विचारतेय, आक्का येणार का म्हणून. पहाटेपासून तिसऱ्यांदा विचारलं. चल माझ्याबरोबर."

"आलेच काकू. डोळे तेवढे राहिलेत."

"अगं, पातेल्यातलं एक उचल आणि चल तशीच! रीत तर तीच आहे ना?"

एस्तेरने पातेल्याकडे बघितलं. झाकण उचललं तर साधी, कोरी, गरम माणसं ओळीने पडलेली होती. हात पुढे करायचा अवकाश होता. तिने झाकण पुन्हा ठेवलं.

"इतकं केलंय तर पुरतं करूनच आणते. तुम्ही व्हा पुढे. सांगा तिला, आक्का निघालीच म्हणून."

काकूंनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि त्या काठी टेकत परत गेल्या. त्यांनी तो निरोप दिलाही. तबीथाने मग दार पुरतं उघडायला लावलं.

एस्तेरने डोळ्यांसाठी काळा रंग करायला घेतला. लोखंडी पळीत साखर जाळली. पहिली फार करपली, दुसरी तांबूसच राहिली. तिसरी जमली. ती गाळली, साखरेच्या पिठात कालवली, कोन भरला, कोनाचं टोक सुईएवढं कापलं. आणि कोन हातात धरून ती बिस्किटावर वाकली तेव्हा चर्चची घंटा वाजली.

नाताळची घंटा भराभर वाजते. ही एकेक ठोका देत होती. मध्ये बराच वेळ थांबत होती.

एस्तेरच्या हातून कोन गळला. तिने ते बिस्किट दोन्ही हातांत उचललं आणि अनवाणी पळत सुटली. आळीतल्या बाया दारात उभ्या होत्या. कुणी तिला हाक मारली नाही.

शांतवन दारातच होता. आत तबीथा निजवलेली होती, डोळे मिटलेले. उशाशी स्टुलावर कपबशी होती.

"सकाळपासून दाराकडे बघत होती," शांतवन म्हणाला. "आक्का निघाली म्हणून काकूंनी सांगितलं, तर मला म्हणाली, चहा टाका. टाकला. तो गार झाला, म्हणून दुसऱ्यांदा टाकायला लावला."

एस्तेरने नुसते हात पुढे केले. शांतवनने हातातल्या बिस्किटाकडे बघितलं. हिरवं लुगडं बघितलं, मोगरा बघितला, बांगड्या बघितल्या. मग कोऱ्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"आक्का," तो हळूच म्हणाला, "एवढ्यात तिचं करूनसुद्धा आणलंत?"

तो टोमणा नव्हता हो. टोमणा असता तर बरं झालं असतं. त्या बिचाऱ्याला खरंच वाटलं, की मेलेल्या बहिणीचं बिस्किट करून हिने आणलं. त्याने ते जपून हातात घेतलं आणि तबीथाच्या उशाशी, कपबशीच्या शेजारी ठेवलं. एस्तेर तिथेच जमिनीवर बसली आणि धाय मोकलून रडली. पण ते जिने ऐकायचं, ती आता ऐकायला नव्हती.

संध्याकाळी ओसरीवर ताटं मांडली गेली. शांतवनच्या ताटात ते एकच बिस्किट होतं. बाया ते बघून रडल्या, आणि रडता रडता म्हणाल्या, इतकं सुंदर काम एस्तेरच्या हातूनही कधी झालं नव्हतं. एस्तेर खांबाला टेकून उभी होती. तिने ती स्तुती शब्दन् शब्द ऐकली. तिला हवी होती तशीच होती ती.

त्यानंतर एस्तेर पुष्कळ वर्षं जगली. नाताळ जवळ आला की आळीतल्या पोरी तिच्याकडे बिस्किटं शिकायला यायच्या. ती मळायला, लाटायला, कापायला शिकवायची. कोन मात्र पोरींच्या हातात देऊन स्वतः बाजूला बसायची. एका वर्षी दोन मैत्रिणींचं तिथेच वाजलं. एक रुसून घरी गेली. दुसरी थोड्या वेळाने डोळे पुसत म्हणाली, "मावशी, मी तिच्यासाठी एक छान नटवते, मोत्यांचा हार काढते, मग नेऊन देते."

म्हातारी एस्तेर उठली. पातेल्याचं झाकण काढून तिने उघड्या हाताने एक गरम बिस्किट उचललं आणि पोरीच्या तळहातावर ठेवलं. पोर ओरडली, "मावशी, पोळतंय!"

"पोळू दे," एस्तेर म्हणाली. "जा, पळ. असंच ने. ती अजून रस्त्यातच असेल."

तात्पर्य: चूक कळली की त्याच पावली, साध्या शब्दांत माफी मागावी. माफी नटवत बसणारा माणूस खरं तर आपलाच मान जपत असतो, आणि तो जपून होईपर्यंत वाट बघणारं माणूस उरेलच असं नाही.