लाह्यांचं ताट

खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हाच्या राजाचं नाव लोक विसरले, गावाचं नावही विसरले. गावात काय घडलं, ते मात्र आजीकडून नातवंडांकडे येत राहिलं, म्हणून आज सांगता येतं.

एका नदीच्या काठी विणकरांचं एक गाव होतं. घरोघरी माग होते. राजवाड्यात लागणारे शेले आणि पागोटी याच गावातून जात, आणि त्यावर गावाचं बरं चाललं होतं. मग म्हातारा राजा वारला. त्याच्या मुलाने गादीवर बसताच सीमेवर लढाई काढली. लढाईला घोडे लागतात, दाणागोटा लागतो. शेले लागत नाहीत. वाड्यावरून मागणी येईनाशी झाली. बाजारातली माणसंही जुनंच लुगडं दांड घालून, म्हणजे फाटलेलं कापून जोडून, नेसू लागली. एकेक करत गावातले माग थांबले.

पावसाळा तसाच गेला आणि दिवाळी आली.

त्या गावात लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घराघरांतून फराळाची ताटं फिरत. एका घरचं ताट दुसऱ्या घरी जाई, वर धुतलेला रुमाल झाकलेला असे. ज्या घरी ताट जाई ते घर ते रिकामं परत पाठवत नसे. आपल्याकडचं काहीतरी त्यात घालूनच ते परत येई. कुणी ठरवून दिलेली रीत नव्हती, पण ती मोडलेली कुणी पाहिली नव्हती.

त्या वर्षी मात्र दिवाळीच्या आधी विणकरांचा म्होरक्या केरोबा याने सगळ्यांना देवळापुढे बोलावलं. केरोबा सरळ माणूस होता. त्याच्या हातचा शेला राजाने स्वतः पांघरलेला होता आणि त्याचा त्याला अभिमान होता. तो म्हणाला, की यंदा कुणी कुणाकडे ताट पाठवू नये. ज्याच्याकडे ताट जाईल त्याला ते भरून परत पाठवावं लागेल, आणि ते त्याला जड जाईल. उगाच कुणाची अब्रू का काढायची? आपापल्या घरी जे असेल ते खाऊन दिवाळी करावी.

सगळ्यांना ते पटलं. खरं सांगायचं तर प्रत्येकाला सुटल्यासारखं वाटलं. प्रत्येकाला तीच काळजी होती आणि प्रत्येकाला वाटत होतं, की ती आपल्या एकट्यालाच आहे.

पण एकदा ताटं थांबली, तशी इतर येणीजाणीही थांबली. शेजारणीकडे विस्तव मागायला जावं, तर तिला वाटेल आणखीही काही मागायला आली. ओट्यावर बसावं, तर वाटेल बोलावण्याची वाट बघते. बायका पाणी भरून लगेच घरी परतू लागल्या. दारं दिवसाही ओढलेली दिसू लागली.

त्याच आळीत भिवरा नावाची एक विधवा राहत होती. तिला पोटचं कुणी नव्हतं. विणकरांना लागणाऱ्या सुताच्या कांड्या ती भरून देई आणि त्यावर तिचं भागे. माग थांबले तसं तिचंही काम थांबलं. तिच्या घरी दिवाळीचा फराळ असा कधी होतच नसे. आळीतल्या घरांतून जी ताटं येत, त्यांवरच तिची दिवाळी होई. परतीच्या ताटात ती कधी दोन आवळे घाली, कधी परसातली चार फुलं.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी तिने मडक्यात उरलेली ज्वारी तव्यावर भाजून तिच्या लाह्या केल्या. घरात गुळाचा एक खडा होता. ती खायला बसली, पण घास घेववेना. इतक्या वर्षांत त्या दिवशी तिने एकटीने काही खाल्लं नव्हतं. मग ती उठली, ताट पुसलं, त्यात लाह्या आणि गूळ ठेवला, वर रुमाल झाकला आणि केरोबाच्या दारी गेली.

केरोबा ओट्यावर बसला होता. त्याने ताट पाहिलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

तो म्हणाला, “आपलं ठरलंय ना, भिवरा? मग हे कशाला?”

“दादा, इतकी वर्षं तुमच्या घरच्या ताटावर माझी दिवाळी झाली. यंदा माझ्या लाह्या घ्या. परत काही घालू नका.”

“रिकामं ताट माझ्या घरातून जायचं नाही,” केरोबा म्हणाला. “आणि भरायला आज माझ्याकडे काही नाही. परत ने ते.”

आत त्याची बायको सुंदरा उभी राहून ऐकत होती.

भिवरा पुढच्या घरी गेली. तिथल्या बाईने तिला बसायला सांगितलं, पण ताटाला हात लावला नाही. त्याच्या पुढच्या घरी आतूनच सांगितलं, की आमचं जेवण झालंय. कुणी तिला टाकून बोललं नाही. सगळे तिच्याशी नीटच वागले, आणि तरी दरवेळी ते ताट तिला अधिकच जड वाटू लागलं.

शेवटी आळीच्या टोकाचं एकच घर उरलं. तिथे मैना राहत होती. ती नुकतीच बाळंत झालेली होती. तिचा नवरा दौलू काम शोधायला दूरच्या पेठेत गेला होता आणि दिवाळीच्या आत येतो म्हणाला होता. एरवी बाळंतिणीकडे आळीतल्या बायका खिरी आणि लाडू घेऊन गेल्या असत्या. पण बाळंतिणीकडे रिकाम्या हाताने जायचं नसतं, आणि यंदा सगळ्यांचेच हात रिकामे होते. म्हणून कुणी गेलं नव्हतं. जाता-येता बायका दारातून हाक मारत, आणि आतून मैना सांगे, की सगळं ठीक आहे. तेवढ्याने त्यांचं समाधान होई. दौलूने धान्य भरून ठेवलं असेल, असंही सगळे धरून चालले होते.

भिवराने हाक मारली.

आतून आवाज आला, “ठीक आहे, आत्या. काही लागत नाही.”

भिवरा परत फिरणार होती. मग तिच्या ध्यानात आलं, की बाळंतिणीचं घर आहे, पण ओव्याच्या धुरीचा वास कुठे येत नाही. चुलीचाही धूर नाही. तिने दार ढकललं.

चूल सारवून ठेवलेली होती आणि गार होती. मैना बाजेवर पडली होती. तिच्या कुशीत मुलगी होती. ती रडत नव्हती, नुसती तोंड हलवत होती.

“काय खाल्लंस?” भिवराने विचारलं.

मैनाने आधी भाकरी म्हणून सांगितलं. मग तिने तोंड फिरवलं आणि म्हणाली, की धान्य संपलं, त्यानंतर कोंड्याची पेज करून पीत होते. आता कोंडाही संपला. दूध आटत चाललंय.

“मग सांगायचं नाही का गं?”

“काय सांगू, आत्या? सगळ्यांचं तसंच चाललंय. कुणी काही आणलं असतं, तर मी परत काय पाठवलं असतं?”

भिवरा उठली. तिने आपल्या घरून विस्तव आणून चूल पेटवली, पाणी तापवलं आणि त्यात मूठभर लाह्या आणि गूळ शिजवून पातळ पेज केली. मैनाला टेकून बसवलं. मैनाने पहिला घोट घेतला, मग दुसरा. वाटी संपली. मग तिने भिवराचा हात धरला.

“तुम्ही आलात, फार बरं झालं,” ती म्हणाली.

फेडण्याचं किंवा परत करण्याचं ती काही बोलली नाही. आणि भिवराला वाटलं, आपली दिवाळी झाली.

पण त्या लाह्यांवर आई आणि मूल जगणार नव्हतं. भिवराला ते कळत होतं. ती पुन्हा केरोबाच्या दारी गेली. मघाशी ती द्यायला गेली होती, आता मागायला. मागायला जाणं तिला जास्त कठीण गेलं, तरी ती ओट्यापुढे उभी राहिली आणि जे पाहिलं ते सगळं सांगितलं.

केरोबाच्या आधी आत सुंदरा हलली. तिची स्वतःची मुलगी गरोदर होती. तिच्या बाळंतपणासाठी सुंदराने एका गाडग्यात अळीव जपून ठेवले होते. ते गाडगं तिने खाली काढलं. नवऱ्याला विचारलं नाही. केरोबाही उठला, परसात गेला आणि शेळीचं दूध काढून आणलं. मग तिघंही मैनाच्या घराकडे निघाली.

बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने जायची पद्धत नव्हती. केरोबा बाहेर ओट्यावर बसला. आतलं त्याला ऐकू येत होतं. सुंदरा खीर ढवळत होती. मैना म्हणत होती, “काकू, हे तुमच्या ताईसाठी ठेवलेलं ना?” आणि सुंदरा म्हणत होती, “तिला अजून वेळ आहे. तुला आज हवंय. खा.” मग थोड्या वेळाने बाळाच्या रडण्याचा आवाज आला. बारीकच होता, पण आता त्यात जोर होता.

केरोबा नदीवर जाताना रोज या दारावरून जात होता. दार रोज ओढलेलं असे. ते का ओढलेलं आहे, हे त्याने एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. उलट, मीच सांगितल्याप्रमाणे सगळे आपापल्या घरी आहेत, असं वाटून त्याला बरं वाटत असे. लोकांची अब्रू राखायला म्हणून त्याने एक गोष्ट ठरवली होती, आणि त्या ठरवण्यापायी एक आई तान्ह्या मुलीला घेऊन उपाशी पडून होती.

भिवरा बाहेर आली तेव्हा त्याने विचारलं, “सकाळी आणल्या होत्यास, त्या लाह्या उरल्यात का?”

“थोड्या आहेत.”

“मला दे.”

भिवराने दिल्या. त्याने ओंजळीत घेतल्या आणि सावकाश खाल्ल्या.

“गोड लागल्या,” तो म्हणाला. “तुला द्यायला आज माझ्याकडे काही नाही.”

“मी मागितलं का?” भिवरा म्हणाली.

त्यानंतर केरोबा स्वतः घरोघर गेला. आपलं ठरवणं चुकलं, असं त्याने प्रत्येक दारात सांगितलं. ज्याच्याकडे काही जास्त असेल त्याने सांगावं, आणि ज्याच्याकडे नसेल त्यानेही सांगावं, असं तो म्हणाला. पहिली गोष्ट लोकांनी लवकर सांगितली. दुसरी सांगायला त्यांना वेळ लागला. पण केरोबानेच आधी सांगितलं, की माझ्या घरात मीठ संपून पंधरवडा झाला आणि मी कुणाला कळू दिलं नाही. मग एकेकाचं तोंड उघडलं. एका घरात जळण होतं, पण शिजवायला काही नव्हतं. एकाकडे तांदूळ होते आणि जळण नव्हतं. तेल फार थोड्यांकडे होतं. वातींना सूत मात्र विणकरांच्या गावात घरोघरी होतं.

संध्याकाळी प्रत्येक दारात एक पणती लागली. दिवाळी काही मोठी झाली नाही. फराळ झालाच नाही. पण दारं उघडी होती.

पाडव्याला गावातले काही जण पेठेत गेले आणि दौलूला शोधून काढलं. तो तिथल्या धर्मशाळेत बसून होता. त्याला कुठे काम मिळालं नव्हतं, आणि सणाला रिकाम्या हाताने बायकोपुढे कसं उभं राहायचं, म्हणून तो परत आला नव्हता. घरी काय झालं ते ऐकून तो रडला. त्यांच्याबरोबर तो गावात आला, मुलीला मांडीवर घेतलं, आणि मग आळीत एकेका घरी जाऊन हात जोडले. केरोबाच्या ओट्यापाशी आल्यावर तो म्हणाला, “मी हे कसं फेडू?”

केरोबा म्हणाला, “फेडू नकोस. मीही भिवराच्या लाह्या खाल्ल्यात, त्या कुठे फेडल्या? पुढच्या वेळी अडलं, तर आधी घरी ये आणि आम्हाला सांग. तेवढं पुरे.”

लढाई पुढे बरीच चालली. राजवाड्याची मागणी लवकर परत आली नाही. पण त्या दिवाळीपासून गावाला एकमेकांची नड सांगायची सवय लागली. कुणाकडे सूत होतं आणि माग मोडलेला, कुणाचा माग चांगला होता आणि सूत नव्हतं. ते एकत्र बसले आणि शेल्यांऐवजी शेतकऱ्यांना लागणारी पांघरायची जाडीभरडी पासोडी विणू लागले. त्यात थाट नव्हता, पण पोट भरत होतं. नदीकाठची विणकरांची इतर गावं त्या काळात हळूहळू ओस पडली. लोक लाजेने कुणाला न सांगता घरं सोडून गेले. हे गाव तेवढं टिकलं. मैनाची मुलगी त्याच गावात मोठी झाली आणि मागावर बसली.

मुलांनो, आणि थोरांनो, या गोष्टीचं सांगणं एवढंच: वाईट दिवसांत आपल्याजवळचं थोडं देणं ही जशी माया आहे, तसंच दुसऱ्याने दिलेलं थोडं लाज न धरता, आनंदाने घेणं हीही मायाच आहे.