अँटेनाची गिरकी

टीव्हीत चित्र आणायला अँटेनाला छपरावर गरगर फिरावं लागे, तेव्हाची ही गोष्ट. भिकूअण्णांच्या अंगणात एक नवा फिरता अँटेना आला. तो छपरावर चढायच्या आधीच त्याचा तोरा चढला होता.

"मला छपराच्या कडेलाच उभा करा," तो म्हणाला. "तिथून रस्ता छान दिसतो. जागा काय, वीतभर पुरे!"

त्याच कडेजवळून विजेची तार गेली होती. तारेवरचा कावळा म्हणाला, "वीतभर तुझ्या पायाला पुरेल रे. पण पसरलेल्या हातांचं काय?"

"माझे हात मला कळतात!" अँटेना फणकारला.

अंगणातल्या दोरीवर लुगडं वाळत घालता घालता अण्णांच्या बायको यमुनाकाकू म्हणाल्या, "अहो, फुगडी घालायच्या आधीसुद्धा आम्ही जागा बघतो. याला आधी इथेच फिरवून बघा."

अण्णांनी बटण दाबलं. अँटेनानं ऐटीत गिरकी घेतली आणि अण्णांची टोपी उडवली. मग दोरीवरचं ओलं लुगडं ओढून स्वतःभोवतीच गुंडाळून घेतलं.

"टोपीच्या जागी ही तार असती तर?" कावळ्यानं विचारलं.

लुगड्याच्या आतून बारीक आवाज आला, "मला छपराच्या मधोमधच बसवा. रस्ता काय, टीव्हीतही दिसतो."