चिटकीचं बाळ आणि कर्रकर्र चाक

ऐका. चुळबुळ नको.

एक उंदरीण. नाव चिटकी. अंगठ्याएवढी. भिकाजीमामाच्या बॅटरीच्या रिक्षात, सीटखाली राहायची. कुशीत तिचं बाळ. चण्याएवढं.

रिक्षाला धूर नाही. धडधड नाही. पण खाली होतं एक दातेरी चाक. कोरडं ठणठणीत.

कर्र कर्र! कर्र कर्र!

बाळाची झोप उडाली. चीं चीं चीं!

चिटकी निघाली. टुणुक टुणुक.

"चाकोबा, चाकोबा, गप्प बस ना!"

"नाही बसणार. आधी मला ग्रीस लागू दे. जा!"

टुणुक टुणुक. गॅरेजात ग्रीसचा डबा.

"चाक गप्प बसेना, बाळ माझं झोपेना! ग्रीसभाऊ, चल ना!"

"नाही येणार. आधी सलमाताईला डबा उघडू दे. जा!"

टुणुक टुणुक. सलमाताई मिस्त्री. हातात पाना.

"ग्रीस काही येईना, चाक गप्प बसेना, बाळ माझं झोपेना! सलमाताई, डबा उघड ना!"

"नाही उघडणार. आधी भिकाजीमामाला रिक्षा आणू दे. जा!"

टुणुक टुणुक. भिकाजीमामा रिक्षात. गाण्यावर मान डोलावतोय.

"ताई डबा उघडेना, ग्रीस काही येईना, चाक गप्प बसेना, बाळ माझं झोपेना! मामा, रिक्षा ने ना!"

"हॅट्! बॅटरीच्या गाडीला कसलं आलंय ग्रीस? आणि कसली कर्रकर्र? मला ऐकू येत नाही. आधी गाणं थांबू दे. जा!"

टुणुक टुणुक. मामाच्या पुढ्यात रेडिओ. ढिंगचांग ढिंगचांग!

"मामा रिक्षा नेईना, ताई डबा उघडेना, ग्रीस काही येईना, चाक गप्प बसेना, बाळ माझं झोपेना! रेडिओदादा, थांब ना!"

"नाही थांबणार. आधी माझं बटण दाब!"

बटण केवढं! चिटकीहून मोठं. आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही.

चिटकीने उडी मारली. टुणुक! घसरली.

परत टुणुक! परत घसरली.

बाळ रडलं. चीं!

चिटकीने दात आवळले. टुण्णुक!

खट्!

गाणं थांबलं. आणि मग?

कर्र कर्र! कर्र कर्र!

"अरेच्चा!" मामा म्हणाला. "ही तर माझीच रिक्षा!"

मामाने रिक्षा नेली.

ताई म्हणाली, "काय हो मामा, इंजिन नाही म्हणून चाकं काय हवेत फिरतात?"

ताईने डबा उघडला. ग्रीस आलं. चाकाला लागलं. थप्!

चाक फिरलं. गरगर गरगर. आवाज? छे! काहीच नाही.

बाळाने जांभई दिली. बाळ झोपलं.

मामाचा हात रेडिओकडे गेला.

"शूऽऽऽ!" चिटकी म्हणाली.

मामाने हात मागे घेतला.

तुम्हीही मिटा डोळे. पुरे बडबड.