झुंबरची तिरकी रेघ

एका गावात एक भोळा सर्व्हरवाला होता. नाव झुंबर. मालनकाकूंच्या वधूवर मंडळाची वेबसाइट तो सांभाळायचा. काकू शाळेत संगणक शिकवून निवृत्त झालेल्या. नुकतंच डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे पडद्याकडे बघायची बंदी.

"साइट नीट चालव, तुझं लग्न मी जमवते," काकू म्हणाल्या. झुंबरला आणखी काय हवं होतं?

पहिल्याच दिवशी 'वधू' नावाचा फोल्डर उघडेना.

"वेबपत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ, ती स्लॅश, नसेल," काकू म्हणाल्या. " रेघ लाव आणि येणाऱ्या माणसाला त्या पत्त्यावर पुढं पाठव."

"बरं काकू."

झुंबरनं दिसेल त्या पत्त्याला रेघ लावली. मुलींच्या फोटोंनाही लावली. एकही फोटो उघडेना.

"अरे गाढवा, फोटोला कशाला रेघ? ती काढ आणि पुढं पाठव!"

"बरं काकू."

त्यानं रेघ काढायचा नियमही सगळ्यांना लावला. आधीचा तसाच ठेवला, कारण तो पुसायला कुणी सांगितलं नव्हतं. एक नियम रेघ लावी, दुसरा काढी. लग्नाळू पोरं गोल गोल फिरत राहिली.

"फोल्डर मागितला तर त्यातलं पहिलं पान दाखवावं रे!"

"बरं काकू."

आता कुणी काहीही मागो, साइटचं पहिलंच पान दिसू लागलं. त्यावर काकूंचा फोटो होता. संध्याकाळपर्यंत काकूंना शेजारच्या गावातून पसंती आली.

काकूंनी कपाळावर हात मारला. सगळे नियम पुसायला लावले आणि त्याला समोर बसवलं.

"नीट ऐक. रेघेशिवाय कुणी आलं तर आत घ्यायचं नाही. रेघ लावायची, पुढं पाठवायचं, आणि कायमचं पाठवतोय असं सांगायचं. म्हणजे ते लक्षात ठेवतात, परत जुन्या पत्त्यावर येत नाहीत."

हे मात्र झुंबरच्या डोक्यात पक्कं बसलं. साइट सुरळीत चालली. काकूंनीही शब्द पाळला.

रविवारी मुलीकडची मंडळी घर बघायला आली. मुलगीही आली होती. झुंबरला ती फोटोतच फार आवडली होती. नवा सदरा घालून तो सकाळपासून दारात उभा होता.

"झुंबर कातोरे इथंच राहतात ना?" मुलीच्या वडिलांनी काकूंनी लिहून दिलेला पत्ता पुढं केला.

झुंबरनं तो शेवटपर्यंत वाचला. शेवटी रेघ नव्हती. त्यानं खिशातलं पेन काढून रेघ मारली, कागद परत दिला आणि हात जोडले.

"पुढं जा," तो म्हणाला. "कायमचं."

पुढचं घर दिनकरचं होतं, तोही बिनलग्नाचाच. त्यानं मंडळींना बसवलं, चहा पाजला.

वैशाखात दिनकरचं त्या मुलीशी लग्न झालं. मांडवात काकू रडकुंडीला आल्या. "अरे, ती तुला बघायला आली होती!"

"हो ना," झुंबर डोळे पुसत म्हणाला. "पण काकू, नियम बरोबर लागला बघा. परत एकदाही माझ्या दारी आली नाही."