भरपूर फेस

जोकर माशाला हुकूम सोडायची सवय लागली होती, त्या काळची गोष्ट. त्याच्या काचेच्या टाकीतल्या खाऱ्या पाण्यात मालकाने एक नवा स्किमर, म्हणजे पाणी साफ करणारं यंत्र, बसवला. पाण्यातली घाण फेसाबरोबर वर चढवून माथ्यावरच्या पेल्यात काढायची, एवढंच त्याचं काम.

नवं यंत्र रुळायला वेळ लागतो. तोवर पेल्यातून नुसतं स्वच्छ पाणीच फेसाळून वाहत होतं. मासे कौतुकाने शेपट्या आपटून म्हणाले, "काय राबतो हो बिचारा!" घाण न काढताच मिळालेल्या या कौतुकाची स्किमरला लाज वाटली.

पुढे तो रुळला. फेस बसला आणि पेल्यात चमचाभर काळा, घाणेरडा गाळ जमू लागला. आता तरी खरी शाबासकी मिळेल, असं त्याला वाटलं.

"आळशी झालास," जोकर मासा कडाडला. "आणि वरून आमच्या घरात घाण करतोस? पहिल्यासारखा फेस काढ, नाहीतर चालता हो!"

स्किमरने फेस वाढवायची झडप फिरवली. पुन्हा स्वच्छ पाण्याचा पांढराशुभ्र फेस उसळला, घाण मात्र टाकीतच राहिली. मासे खूश झाले. हळूहळू पाणी इतकं गढूळ झालं, की जोकर माशाला समोरचा पेलाही दिसेना.

"अहो स्किमरराव," तो खोकत म्हणाला, "फेस येतोय ना?"

"भरपूर," स्किमर म्हणाला.